मामीची सुट्टी

कृषी पर्यटन केंद्रांच्या जाहिरातींत 'मामाचा गाव' हमखास असतो. पण मामाकडची ती सुट्टी मुळात पर्यटन नव्हतीच. परीक्षा संपली की आई मुलांना घेऊन माहेरी जायची आणि वडील रजा मिळालीच तर शेवटचे चार दिवस येऊन सगळ्यांना परत आणायचे. मे महिना शेतालाही सोयीचा होता. देशावर रब्बीची मळणी उरकलेली आणि पेरणीला अजून अवकाश, त्यामुळे मामाला थोडी उसंत असे. कोकणात आंबे-फणस आणि करवंदं नेमकी तेव्हाच. मुलांची चंगळ व्हायची, आईला माहेरपण मिळायचं. मामी मात्र पहाटेपासून चुलीपुढे, आणि तिचं स्वतःचं माहेर नणंदा परत गेल्यावर. त्या सुट्टीत सगळेच खूश असायचे असं आपण म्हणतो, तेव्हा तिला कोणी विचारलेलं नसतं.

पैसेवाल्यांची सुट्टी वेगळी. ते महाबळेश्वरला किंवा माथेरानला हवा खायला जात; नेरळहून वर चढणारी छोटी गाडी 1907 पासूनची. गिरणगावातल्या चाकरमान्याला हे परवडणारं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती, कारण त्याचं घर गावाकडेच होतं. तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जाई. 1 जून 1948 ला पुणे ते नगर एसटीची पहिली गाडी धावली, मग हळूहळू लाल डबा गावोगावी पोचला. संपूर्ण कोकण रेल्वे सुरू व्हायला मात्र 1998 उजाडलं.

तोवर गावाकडची बाजूच बदलत चालली होती. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईतल्या कित्येक कुटुंबांचं गणित विस्कटलं. इकडे वाटण्यांत जमिनीचे तुकडे झाले आणि नोकरीसाठी मामाच पिंपरी-चिंचवडला फ्लॅटमध्ये राहायला आला. 2011 च्या जनगणनेत राज्यातले सुमारे 45 टक्के लोक शहरांत होते. त्यांच्या मुलांना जायला गावच उरला नाही, आणि कृषी पर्यटनाला गिऱ्हाईक मिळालं ते इथून.

सुरुवात त्याच्याही आधीची आहे. नेरळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी 1980 च्या दशकातच शेतावर पाहुणे बोलावले होते. इटलीने 1985 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. पाहुण्यांचा धंदा शेतीला जोड म्हणूनच हवा, शेती मुख्य राहिली पाहिजे, ही त्यातली अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. आपल्याकडे तरणतलाव आणि डीजे लावून नावापुरती चार वांग्याची रोपं ठेवणारी 'कृषी' केंद्रं पाहिली की ती अट आठवते. 2005 च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी बारामती परिसरातून या कल्पनेला संघटित रूप दिलं. शेतकऱ्यांना प्रशिक्षण मिळू लागलं, एकमेकांचं पाहून केंद्रं वाढली. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं ते 2020 मध्ये.

गंमत अशी की या नव्या सुट्टीचा हंगामच वेगळा आहे. मे महिन्यात देशावरच्या रिकाम्या, तापलेल्या रानात पाहुण्याला दाखवायचं काय? म्हणून पुणे, नगर, सोलापूरकडची गर्दी थंडीत, हुरड्याला. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कणसं तळहातावर चोळायची, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. इथे मोठी माणसं खऱ्या अर्थाने रमतात. मुलं दोन मुठी खाऊन बैलगाडीकडे पळतात. कर्जत-नेरळकडे पावसाळ्यात भातलावणीला नेतात, तिथे उलट होतं. चिखलात उतरायला मुलं आधी तयार, आईवडील बांधावर मोबाइल सांभाळत उभे.

आणि स्वयंपाक? पिठलं, भाकरी, ठेचा बहुतेक ठिकाणी घरातल्या बायकाच करतात. फरक एवढाच की आता ताटाला दर आहे. तो पैसा तिच्या हातात पडतो की नवऱ्याच्या खात्यात जातो, हे घराघरावर अवलंबून. 2023 मध्ये राज्याने महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसाय बाईच्या मालकीचा असेल आणि ती स्वतः चालवत असेल, तर 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. त्यासाठी व्यवसायाच्या कागदावर नाव मात्र मामीचं असावं लागतं.