पापलेट वाढू द्यायचे, पण कोणाच्या खर्चाने?

बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटचे वाटे लागले की फोटो फिरू लागतात आणि खाली ठरलेली प्रतिक्रिया येते: 'जाळ्याचे आस (भोके) मोठे करा, प्रश्न मिटला.' तो तसा मिटत नाही.

महाराष्ट्राने 2023 साली पापलेटला राज्यमासा घोषित केले. त्याच वर्षी 54 प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबीही ठरवली. पापलेटसाठी ती 135 मिलीमीटर आहे. मासा एकदा तरी अंडी घालून जावा हा त्यामागचा एक विचार. दुसरा विचार वजनाचा आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो.

मासा लांबीने दुप्पट झाला की उंची आणि जाडीही साधारण दुप्पट होते, म्हणजे वजन जवळपास आठपट. आता एकाच वेळी जन्मलेली 1000 पिल्ले घेऊ, प्रत्येकी 10 ग्रॅमची. एकूण 10 किलो. ती दुप्पट लांब होईपर्यंत 600 पिल्ले मोठ्या माशांच्या पोटात गेली किंवा रोगाने मेली असे धरू. उरली 400, प्रत्येकी 80 ग्रॅम, एकूण 32 किलो. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण निम्म्याहून जास्त मासे मरूनही वजन तिपटीवर गेले. मग थांबतच राहावे का? नाही. वय वाढते तशी वाढ मंदावते आणि मरणे चालूच राहते. वजन वाढण्याचा सापेक्ष दर घसरत घसरत नैसर्गिक मृत्युदराइतका झाला, की त्या पिढीचे एकूण वजन शिखरावर असते. त्याआधी पकडले तर वाढ वाया, नंतर पकडले तर मासे वाया. रे बेव्हर्टन आणि सिडनी होल्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1957 साली हे गणित सविस्तर मांडले. मत्स्यव्यवस्थापन आजही त्यावर उभे आहे.

अडचण अशी, की हे शिखर प्रत्येक प्रजातीचे वेगळे. जवळा, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, काही सेंटिमीटरच्या पुढे वाढतच नाही आणि त्याचे आयुष्यही काही महिन्यांचे. त्याला वाढू देण्यासाठी थांबणे म्हणजे तो गमावणे. त्याला बारीक आसच लागतो.

आणि इथे डोल येते, म्हणजे एका जागी रोवलेले पिशवीसारखे जाळे. डोलीचे तोंड भरती-ओहोटीच्या ओढीसमोर रोवलेले असते. पाणी आत शिरते, आस बारीक होत जातात आणि शेवटच्या टोकाच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, जे साचेल ते साचेल. बोंबील, जवळा, करंदी यांच्याबरोबर पापलेटची पिल्लेही. डोलीला निवड करता येत नाही. आस मोठा केला तर पिल्ले सुटतील, पण जवळाही सुटेल आणि सुकवायला काही उरणार नाही. सुकटीवर घर चालवणाऱ्या बायकांचा हंगाम त्यात जातो. खोला वर येईपर्यंत बहुतेक पिल्ले मेलेली असतात. बंदरावर मोजपट्टी लावून दंड केला तर ती समुद्रात फेकली जातील, जगणार नाहीत.

उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळतील हे हैदराबादची इन्कॉइस संस्था कळवते. उपयुक्त काम आहे, डिझेल वाचते. पण 'आता तंत्रज्ञानाने मासळी वाढेल' ही जाहिरातबाजी खोटी आहे. मासा शोधून दिल्याने तो जन्माला येत नाही.

माझ्या मते खरा पेच वाटणीचा आहे. पिल्ले सोडण्याचा तोटा किनाऱ्याजवळच्या डोलीवाल्याला. तीच पिल्ले मोठी झाली की सापडतात गिलनेटवाल्याला (मासा कल्ल्यांत अडकवणारे जाळे लावणाऱ्याला) किंवा जाळे ओढत नेणाऱ्या ट्रॉलरला. थांबणारा एक, उचलणारा दुसरा. 10 चे 32 किलो होतात हे खरे, पण वाढलेल्या 22 किलोंत डोलीवाल्याचा वाटा शून्य असेल तर त्याने का थांबावे? सगळ्या किनाऱ्यावर वर्षभर एकच आस लादण्यापेक्षा पिल्ले जिथे आणि ज्या आठवड्यांत दाटतात तेवढ्याच भागात डोल उचलून ठेवावी आणि त्या दिवसांची भरपाई मोठे पापलेट विकून कमावणाऱ्यांकडून यावी. कोणते आठवडे, कोणती खाडी, हे डोलवाल्यांना ठाऊक असते. नियम ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना आधी बोलवायला हवे, अधिसूचना निघाल्यावर नव्हे.