वाकवलेल्या पत्र्याच्या आतली रस्सीखेच

पोलादी पत्रा न तापवता काटकोनात वाकवायचा असेल, तर तो 90 अंशांच्या थोडा पुढे, आतला कोन साधारण 88 अंश होईपर्यंत दाबावा लागतो. प्रेसचा दाब निघाला की पत्रा जरासा उलगडतो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात आणि वाकवणारे ते गृहीतच धरतात. पण हे उलगडणं अर्धवट असतं. पत्र्यातल्या काही थरांना आणखी उलगडायचं असतं, बाकीचे त्यांना उलगडू देत नाहीत. ही अडवणूक पत्र्यात कायम राहते. तिलाच अवशिष्ट ताण म्हणतात.

पत्रा वाकताना वळणाच्या बाहेरची बाजू ओढली जाते, आतली दाबली जाते. साध्या पोलादाची यील्ड, म्हणजे कायमचा आकार बदलण्याआधी ते सोसू शकतं तो ताण, 250 मेगापास्कल (ताणाचं एकक) धरली, तर ते लांबीच्या जेमतेम 0.125 टक्के ताणलं जाईपर्यंतच मूळ लांबीवर परत येऊ शकतं. वाकवताना पृष्ठभागाजवळचे थर ही मर्यादा सहज ओलांडतात, अगदी मधला थर तेवढा लवचीक राहतो. दाब निघाल्यावर दोघांची रस्सीखेच सुरू होते, आणि बळ समसमान असल्यामुळे बाहेरून काहीच हलताना दिसत नाही.

खरी गंमत त्या ताणाच्या दिशेत आहे. पत्रा जवळजवळ पूर्ण जाडीभर यील्ड झाला, म्हणजे ही मर्यादा ओलांडून गेला, असं धरू. अशा वेळी त्याला वाकवणारा मोमेंट (वाकवण्याचा जोर), पृष्ठभाग नुकताच यील्ड होताना लागणाऱ्या मोमेंटच्या दीडपट असतो. उलगडणं मात्र लवचीक असल्याने बाहेरच्या पृष्ठभागावरून 250 नव्हे, त्याच्या दीडपट, 375 मेगापास्कल वजा होतात. उरतो 125 मेगापास्कलचा दाब! म्हणजे जी बाजू ओढून लांब केली, ती शेवटी दाबाखाली राहते आणि जी दाबली, ती ओढीखाली. मध्याच्या अगदी जवळ तर ताण जवळपास यील्डइतकाच शिल्लक असतो. कोपरा फार तीव्र असेल तर आकडे बदलतात, पण मूळ चित्र हेच.

आणि हे फक्त कोपऱ्यातच घडतं असं नाही. 2 मिलिमीटर जाडीचा असा पत्रा 800 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवला, तरी त्याचा पृष्ठभाग यील्ड होतो. पत्र्याच्या कॉइलचा (गुंडाळीचा) आतला व्यास साधारण 508 किंवा 610 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या जेमतेम 300. त्यामुळे गुंडाळताना किंवा उलगडताना पत्र्यात ताण आधीच शिरलेला असतो. रोल फॉर्मिंगचा, म्हणजे रोलरांमधून सरकवत वाकवलेला चॅनेल कापल्यावर त्याची टोकं फाकतात, पाईप लांबीच्या दिशेने चिरला की उघडतो, ते यामुळेच. कापताना समतोलातली एक बाजू निघून जाते आणि उरलेला भाग नवा समतोल शोधत आकार बदलतो. सुमारे 450 अंश सेल्सिअसच्या जस्तात गॅल्व्हनाइझ करतानाही काही भाग वेडेवाकडे होतात. तापलेल्या पोलादाची यील्ड उतरते आणि आत अडून राहिलेल्या ताणाला वाट मिळते.

म्हणून सरसकट सगळा ताण काढून टाकावा का? माझ्या मते नाही. ज्या वाकवण्याने ताण आला, त्याच वाकवण्याने कोपऱ्यातलं पोलाद अधिक मजबूतही झालेलं असतं, आणि बांधकामाची मानकं काही अटींवर ही वाढ हिशेबात धरू देतात. 600 अंशांच्या आसपास तापवलं तर ताण सैल होतो, पण या मजबुतीचाही काही भाग जातो. पाहायचं ते ताण कुठे आहे आणि कोणत्या दिशेचा आहे. वळणाच्या आतल्या बाजूची ओढ घातक ठरू शकते, कारण वारंवार भार येऊन कोपरा उघडायला लागला की भाराची ओढ तिच्यात मिळते आणि तडा तिथूनच सुरू होतो. उलट, स्प्रिंगांवर बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर मुद्दाम दाब निर्माण करतात.

मोजणी मात्र नाजूक काम आहे. ताण क्ष-किरणांनी मोजता येतो, पण ते पोलादात काही शतांश मिलिमीटरच शिरतात. वरच्या हिशेबाप्रमाणे 2 मिलिमीटरच्या पत्र्यात पृष्ठभागाखाली अवघ्या एक तृतीयांश मिलिमीटरवर दाब संपून ओढ सुरू होते. नुसत्या पृष्ठभागाच्या आकड्यावर विसंबलं तर निष्कर्ष साफ चुकू शकतो. म्हणून रासायनिक किंवा विद्युत पद्धतीने एकेक पातळ थर काढत पुन्हा पुन्हा मोजतात, आणि थर काढल्यामुळे खालचा ताण स्वतःच बदलतो, त्याची दुरुस्तीही प्रत्येक वेळी हिशेबात करावी लागते.