पाठवलेली ईमेल परत का येत नाही?

पेटीत टाकलेलं पत्र परत मागण्याची तरतूद आपल्याकडे कायद्यातच होती. १८९८च्या भारतीय टपाल कायद्याच्या ३८व्या कलमाने सरकारला तसे नियम करण्याचा अधिकार दिला होता. ज्याच्या नावाने टपाल निघालं आहे, त्याची संमतीही त्यासाठी लागत नव्हती. पत्र एका वेळी एकाच ठिकाणी असतं, त्यामुळे ते वाटेत गाठता येतं.

ईमेलमध्ये ही सोय मुळातच ठेवली गेली नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणक-जाळ्यावर, एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवून दाखवला. मेल पोचवण्याचे जे नियम आजही पायाशी आहेत, ते एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यातला संवाद अगदी मोजका आहे. पाठवणारा सर्व्हर, म्हणजे मेलची ने-आण करणारा संगणक, आधी स्वतःची ओळख देतो, मग मेल कुणाची आणि कुणाला ते सांगतो, मग मजकूर देतो. शेवटी एका ओळीत नुसतं एक टिंब येतं. समोरचा सर्व्हर ‘२५०’, म्हणजे ‘ठीक आहे’, असं उत्तर देतो आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची. त्यानंतर ‘ती मेल परत द्या’ असं म्हणायला आज्ञाच नाही.

मग कंपन्यांनी आपापल्या वाटा काढल्या. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ‘रिकॉल’ आलं, पण ते एकाच संस्थेच्या एक्सचेंज या मायक्रोसॉफ्टच्याच मेल सर्व्हरपुरतं, आणि तेही मेल न वाचलेली असेल तरच. बाहेर गेलेल्या मेलसाठी ते दाबलं, तर समोरच्याला आणखी एक मेल जाते आणि त्याचं लक्ष नेमकं पहिल्या मेलकडे वळतं. २०२३ मध्ये क्लाउडवरच्या एक्सचेंजमध्ये वाचलेली मेलही काढून घेता येऊ लागली, तरी संस्थेचं कुंपण कायम आहे.

जीमेलने मार्च २००९ मध्ये प्रायोगिक सोय म्हणून ‘अनडू सेंड’ आणलं. मला हा उपाय जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात मेल परत येतच नाही, ती निघालेलीच नसते. सुरुवातीला ती ५ सेकंद थोपवली जायची. जून २०१५ मध्ये ही सोय सगळ्यांसाठी रीतसर आली, तेव्हा ही मुदत ३० सेकंदांपर्यंत नेता येत होती. अॅपलच्या मेलमध्ये असं काही यायला २०२२ उजाडलं.

ही मुदत टळली की प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं. जून २०१४ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याकडून ग्राहकांची गोपनीय माहिती कंपनीच्या पत्त्याऐवजी एका अनोळखी जीमेल पत्त्यावर गेली. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय ती मेल काढायला गूगल तयार नव्हतं, म्हणून बँकेने न्यूयॉर्कच्या कोर्टात धाव घेतली. त्यानंतर गूगलने ती मेल उघडता येणार नाही अशी व्यवस्था केली.

आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं १३वं कलमही मेल दुसऱ्याच्या यंत्रणेत पोचते, तिथेच रेघ ओढतं. दोन्ही पक्षांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणक यंत्रणेत शिरली की मेल पाठवली गेली, असं ते कलम मानतं.