एचसीआरटी जीन: झोपेचा धागा आणि दोन नावांचं भांडण

नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप आणि हसताना अचानक अंग सैल पडणं, असा मेंदूचा आजार. आपल्या खानापूर-निपाणीकडं अजून तिला आळस नाहीतर फिट समजतात, "पोरगं बघावं तेव्हा झोपूलालंय" म्हणून घरचे वैतागतात, आणि हसता हसता पोराचे गुडघे सैल पडले तर मग बाहेरचं काहीतरी असणार म्हणून अंगारा लावतात. त्या आजाराच्या मुळाशी जे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आहे त्याच्या जीनची ही गोष्ट.

आजाराला नाव १८८० मध्ये फ्रान्समध्ये मिळालं. पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात झोपेच्या तापाची साथ आली तेव्हा व्हिएन्नातल्या एका डॉक्टरनं मेलेल्यांचे मेंदू तपासून सांगितलं की जागं ठेवणारी जागा हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या भागाच्या, मागच्या बाजूला आहे. अंदाज बरोबर निघाला, पण तिथलं रसायन हाती लागायला ऐंशी वर्षं गेली.

खरी गंमत १९९८ ची. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका गटानं उंदराच्या हायपोथॅलॅमसमधून जीन काढला, त्यातून दोन पेप्टाइड बनत असणार असं मांडलं, आणि ती सिक्रेटिन या आतड्यातल्या हार्मोनसारखी वाटली म्हणून नाव दिलं हायपोक्रेटिन. फेब्रुवारीत टेक्सासच्या गटानं उलट्या बाजूनं येऊन तेच गाठलं, म्हणजे रिसेप्टर (पेशीवरचं कुलूप, ज्यात ठराविक रसायनाची किल्ली बसते) आधी हातात होता आणि त्याला चिकटणारं काय ते शोधताना ३३ आणि २८ अमिनो आम्लांची दोन पेप्टाइड मिळाली, ती मेंदूत टोचली तर उंदीर जास्त खायला लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ओरेक्सिन. आता बघा, सिक्रेटिनशी साम्य नंतर फारच पातळ निघालं, आणि भूक हे मुख्य कामच नव्हतं, दिवसा झोपणारा उंदीर जागा राहिला तर खाणारच की! दोन्ही नावं काम कळायच्या आधीच ठेवलेली आणि दोन्ही थोडी चुकलेली.

मग निर्णय काय झाला, तर अर्धा-अर्धा. जीनचं अधिकृत नाव हायपोक्रेटिनवरून एचसीआरटी राहिलं, पेप्टाइड आणि रिसेप्टरला औषधशास्त्रवाल्यांनी ओरेक्सिन ठरवलं. २०१४ पासून आपल्या गावाचं झालंय तसंच, बोर्डावर बेळगावी, तोंडात बेळगाव. महिनाभर आधी छापलं म्हणून मान पहिल्या गटाला हे मला काही पटत नाही, कारण पेप्टाइड प्रत्यक्ष वेगळं काढून त्याचे दोन्ही रिसेप्टर दाखवले ते दुसऱ्यांनी. पण दोन नावांमुळं शोधणाऱ्याची पंचाईत होते हे खरं, एका नावानं शोधलं तर अर्धे पेपर सुटतात.

१९९९ मध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये दुसऱ्या रिसेप्टरचा जीन बिघडलेला सापडला, आणि पेप्टाइडचा जीनच काढून टाकलेले उंदीर चालता चालता कोसळायला लागले. सगळ्यांना वाटलं, माणसातही जीनच मोडलेला असणार. २००० मध्ये तपासलं तर तसं नव्हतं. १७ व्या क्रोमोसोमवरचा हा १३१ अमिनो आम्लांचं मूळ प्रोटीन बनवणारा जीन जवळपास सगळ्या पेशंटमध्ये शाबूत, बिघाड सापडला तो एका मुलात, ज्याला सहाव्या महिन्यातच त्रास सुरू झाला होता. बाकीच्यांत तो जीन चालवणाऱ्या पेशीच मेलेल्या, मेंदूत असतात मुळात काही दहा हजारांत, त्यातल्या बहुतेक गायब. बहुतेक पेशंटमध्ये एचएलए या रोगप्रतिकार यंत्रणेच्या जीनचा एकच प्रकार सापडतो, म्हणून संशय शरीराच्या स्वतःच्याच रोगप्रतिकार यंत्रणेवर. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या लाटेत युरोपात एका विशिष्ट लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमधल्या मुलांत केसेस वाढल्या तेव्हा तो संशय आणखी पक्का झाला. सगळ्या लसींना त्यात ओढायचं कारण नाही, वाढ दिसली ती मुख्यतः त्या एका लसीशी जोडलेली.

औषधांत मात्र कंपन्यांनी नावाचा वाद परस्पर मिटवून टाकला. निद्रानाशासाठी रिसेप्टर बंद करणारं सुव्होरेक्संट अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं, मागून लेम्बोरेक्संट, डॅरिडोरेक्संट, सगळ्यांच्या शेपटीला ओरेक्सिनच. नार्कोलेप्सीवाल्यांना हवंय ते उलटं, रिसेप्टर चालू करणारं. पेप्टाइड स्वतः टोचलं तर रक्तातून मेंदूत नीट पोचत नाही, म्हणून लहान रेणूची गोळी लागते, आणि तशा एका गोळीच्या चाचण्या लिव्हरला त्रास दिसल्यानं २०२१ मध्ये थांबवाव्या लागल्या. त्याच वाटेवरच्या पुढच्या गोळ्यांवर काम चालूच राहिलं.