टायरमधला नायट्रोजन आणि रापणीचे वाटे

परवा रत्नागिरीहून येताना हायवेला एका पंपावर हवा चेक करायला थांबलो, तर पोरगा म्हणतो, "काका, नायट्रोजन मारू काय? थंड गॅस असतो, टायर तापत नाय." म्हटलं बाबा, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. तो हसला आणि मागच्या गाडीकडे गेला.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघितली असेल तर नायट्रोजन वेगळा थंड का नसतो हे लगेच कळेल. मासळी किनाऱ्याला लागली की वाटे पडतात, आणि वाटेकरी जास्त तर एकेकाचा वाटा लहान. वायूला दिलेल्या उष्णतेचं तसंच, आणि तापमान म्हणजे एका वाट्याचा आकार! हेलियम, अर्गॉन म्हणजे एकेकटे अणू, ते फक्त धावणार, मागे-पुढे, डावी-उजवीकडे, वर-खाली, म्हणून वाटेकरी तीन. नायट्रोजन म्हणजे शेंडीने बांधलेली नारळाची जोडी, ती धावता धावता गरगर फिरते पण, दोन प्रकारे, म्हणून पाच (जोडीच्या लांबीभोवतीचं फिरणं धरत नाहीत, सगळं वजन त्या अक्षावरच असतं). एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरलेली मोठी संख्या) वायू एक अंशाने तापवायला दर वाटेकऱ्यामागे साधारण 4.16 जूल, म्हणजे अर्गॉनला 12.5 आणि नायट्रोजनला 20.8. हे बंद भांड्यात. फुगायला मोकळीक दिली तर बाहेरची हवा ढकलायचे 8.3 जूल वर, मग आदर्श वायू कुठलाही असो.

आता माझी आवडती गोष्ट. 1912 मध्ये ऑयकेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हायड्रोजन (तोही जोडीच) उणे 200 अंशांच्याही खाली नेला, तर पाचातले दोन वाटेकरी गायब, हायड्रोजन अर्गॉनसारखा वागायला लागला! कारण फिरण्याची ऊर्जा हवी तेवढी थोडी-थोडी मिळत नाही, ठरलेल्या पायऱ्यांनीच घ्यावी लागते आणि एवढ्या थंडीत पहिली पायरीच परवडत नाही. नायट्रोजनच्या जोडीतला बंध स्प्रिंगसारखा थरथरू शकतो तरी आपल्याकडच्या उन्हात तो वाटा मागत नाही, तेही याचमुळे, तिथली पायरी तर फारच उंच. मॅक्सवेलसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात या हिशोबापाशी अडला होता, ऊर्जेच्या या पायऱ्या सांगणारं क्वांटम शास्त्र यायचं होतं ना अजून.

तर टायर. हवेतला उरलेला बहुतेक ऑक्सिजन, तोही जोडीच, वाटेकरी तेवढेच. फरक काय तो ओलाव्याचा, सिलेंडरचा नायट्रोजन कोरडा असतो आणि आपल्या पावसाळी हवेत कॉम्प्रेसरमधून पाणी पण आत जातं. बाकी 'थंड गॅस' म्हणजे बंपरला बांधलेली लिंबू-मिरचीच, ती निदान स्वस्त तरी असते. आणि टायर तापतो रबर सारखं दबून-वाकून. रबर सात-आठ किलो, आतली हवा जेमतेम शंभरेक ग्रॅम, ती कोणाला थंड ठेवणार!