वजनाचं ऑपरेशन की घशाचं? स्लीप ॲप्नियाच्या दोन वाटांची पार्श्वभूमी

खानदेशात घोरण्याला सहसा कुणी आजार म्हणत नाही. "नाना घोरी ऱ्हायनात, म्हंजे झोप मस्त लागनी," म्हणत घरचे कूस बदलतात. मग नानांचा रक्तदाब गोळ्या घेऊनही उतरेनासा होतो, भर दुपारी दुकानात गल्ल्यावर डोळा लागतो आणि शेवटी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी होते. झोपेत तासाला तीसपेक्षा जास्त वेळा श्वास अडत असेल, तर तो तीव्र स्लीप ॲप्निया. एक डॉक्टर घशाचं ऑपरेशन सुचवतात, दुसरे वजन कमी करण्याचं. सुरतचा मेहुणा एक सांगतो, पुण्याची लेक दुसरंच. या दोन ऑपरेशनांचा जन्म कशासाठी झाला हे पाहिलं, तर निवडीचा गुंता बराच सुटतो.

झोपेत श्वास थांबतो याची यंत्रावरची नोंद १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीत झाली. पुढे स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन गिलेमिनो यांनी हा आजार जगासमोर नीट मांडला. सुरुवातीला उपाय एकच होता: गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची. अडथळा वरच्या घशात आणि हवा त्याच्या खालून आत, त्यामुळे गुण हमखास यायचा. पण गळ्यातल्या नळीसह आयुष्य काढणं किती जणांना झेपणार?

१९८१ हे वर्ष या आजारात फार महत्त्वाचं. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी पाच रुग्णांवर नाकावाटे दाबाची हवा देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेच आजचं सीपॅप मशीन. त्याच वर्षी अमेरिकेत फुजिता यांनी पडजीभ, मऊ टाळूची कड आणि टॉन्सिल काढून घसा रुंद करण्याचं ऑपरेशन मांडलं. त्याचं लांबलचक नाव सोडून डॉक्टर 'यूपीपीपी' म्हणतात. त्याचं मूळ जपानमध्ये घोरणं थांबवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत होतं, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवाज बंद होणं आणि श्वास सुरळीत होणं एकच नाही. ऑपरेशननंतर घरात शांतता होते, सगळे निश्चिंत होतात, आणि आत श्वास अडतच राहू शकतो.

पंधरा वर्षांनी, १९९६ साली, तोवरच्या अभ्यासांची बेरीज झाली. श्वास अडण्याचं प्रमाण निम्म्याने उतरून तासाला वीसच्या खाली आलेले रुग्ण सुमारे ४१ टक्केच निघाले. म्हणून ऑपरेशन वाईट ठरत नाही, रुग्णाची निवड चुकत होती. २००२ साली फ्रीडमन यांनी टॉन्सिलचा आकार, जिभेच्या मानाने टाळूची जागा आणि वजन पाहून रुग्णांचे गट पाडले. टॉन्सिल मोठे, टाळू मोकळा, वजन आटोक्यात अशांमध्ये यश ८० टक्के. टॉन्सिल लहान आणि जीभ टाळूला टेकलेली अशांमध्ये जेमतेम ८ टक्के. एकच ऑपरेशन आणि निकालात दहा पटींचा फरक! बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० च्या वर असलेल्यांना तर त्यांनी वेगळ्याच, शेवटच्या गटात टाकलं. घशाचं ऑपरेशन सुचवलं जातं तेव्हा 'मी कोणत्या गटात?' हा प्रश्न प्रत्येकाने विचारलाच पाहिजे.

वजनाच्या ऑपरेशनाचा इतिहास वेगळ्याच विभागातला. १९६६ साली आयोवात एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्नाची वाट आतड्यात वळवणारं ऑपरेशन, सुरू केलं, ते लठ्ठपणासाठी. १९९१ साली अमेरिकेत निकष ठरले: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्या आजारांत स्लीप ॲप्निया होता. २००४ सालच्या एका मोठ्या आढाव्यात ८५.७ टक्के रुग्णांचा ॲप्निया बरा झाल्याचा आकडा आला आणि जाहिरातींना तो फार मानवला. पण २००९ साली ऑपरेशनाआधीच्या व नंतरच्या स्लीप स्टडीच एकत्र तपासल्या, तेव्हा तासाचं सरासरी प्रमाण ५४.७ वरून १५.८ वर आलेलं दिसलं. उतार प्रचंड, तरी १५ च्या वर म्हणजे मध्यम ॲप्निया शिल्लकच.

वजन उतरल्यावर घसा का मोकळा होतो, हे अलीकडे कळलं. चरबी फक्त पोटावर नसते, जिभेतही साठते. पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी २०२० साली एमआरआयवरून दाखवलं, की वजन घटल्यावर होणाऱ्या सुधारणेत जिभेतली चरबी कमी होण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. यूपीपीपी टाळूवर काम करतं, जिभेच्या मुळाशी पोचत नाही. जाड माणसाला त्याने कमी गुण येतो, त्याचं एक कारण इथे सापडतं.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. भारतीय शरीरात कमी वजनातही पोटाची चरबी आणि साखर वाढते. २०२२ साली बदललेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासूनच या ऑपरेशनाचा विचार करता येईल असं म्हटलं. म्हणजे जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी पोटवाल्या पन्नाशीच्या माणसांपुढे हा पर्याय खुला झाला. पण त्याची किंमत आयुष्यभराची असते: बी१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग काढून ते नळीसारखं करतात ते ऑपरेशन) काहींना जळजळ, आणि शेवभाजीच्या पंगतीत चार घासांवर थांबणं. घशाच्या ऑपरेशनात दोनेक आठवडे गिळताना कडक वेदना असतात, काहींना पाणी नाकातून परत येण्याचा त्रासही होतो.

माझं मत स्पष्ट आहे. टॉन्सिल मोठे असलेल्या सडपातळ तरुणाने पोटाच्या ऑपरेशनाकडे पाहू नये, आणि बीएमआय ४० असलेल्या, मधुमेहही असलेल्या माणसाला आधी टाळू कापायला पाठवू नये. मधल्यांसाठी गुंगी देऊन दुर्बिणीने घसा नेमका कुठे मिटतो ते पाहण्याची तपासणी १९९१ पासून आहे. ती करून घ्यावी. आपल्याकडे कान-नाक-घशाचे डॉक्टर जवळ असतात, वजनाच्या ऑपरेशनासाठी बरेच जण नाशिक, मुंबई, सुरत गाठतात. कोणतं दार जवळ यावरून ऑपरेशन ठरू नये.

आता तिसरी वाटही आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टिर्झेपटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठ रुग्णांच्या मध्यम व तीव्र ॲप्नियासाठी मंजूर केलं. २०२५ पासून ते भारतात मिळतं.

वाट कोणतीही असो, निर्णय होईपर्यंत सीपॅप चालू ठेवावं. मुंबई-आग्रा रोडवर रात्री ट्रक हाकणारा किंवा भुसावळला रेल्वेगाडीवर रनिंग ड्युटी करणारा माणूस वजन उतरायची वर्षभर वाट पाहत डुलक्या घेऊ शकत नाही. भरती होताना भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्निया आहे हे सांगावं, मशीन सोबत न्यावं. घोरणं थांबलं म्हणून ते माळ्यावर टाकू नये. काही महिन्यांनी स्लीप स्टडी पुन्हा करून, तो आकडा पाहूनच डॉक्टरांशी मशीन बंद करण्याचं बोलावं.