पेठेच्या पंचांपासून क्षेत्रसभेपर्यंत: सोलापुरातल्या वस्ती बैठकीची पार्श्वभूमी

सोलापुरात वस्तीची बैठक ही काही नवी गोष्ट नाही. साखर पेठ असो, तेलंगी पाच्छा पेठ असो की बाळीवेस, चार जाणत्या माणसांनी ओट्यावर बसून दिवाबत्ती, पाणी, भांडणतंटा आणि मिरवणुकीचा मार्ग ठरवायची रीत इथे महापालिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. कायद्याने या बैठकीला जागा दिली ती फार उशिरा, आणि शहराच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर ती जागा आजही कागदावरच आहे. हे का झाले, हे कळल्याशिवाय आज सुरक्षा, उद्यान आणि नागरी सेवा या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत मांडल्या की त्या पुढे का सरकत नाहीत, हे उमगत नाही.

सोलापूर नगरपालिका १८५२ मधली. १८५०च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात ज्या पहिल्या नगरपालिका उभ्या राहिल्या, त्यांत ती होती. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२चा, म्हणजे त्यानंतर ३० वर्षांनी आला. मात्र मतदानाचा हक्क कर भरणाऱ्या मूठभरांपुरताच राहिला. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. चाळींमध्ये राहणारा कामगार आणि मागावर बसणारा विणकर नगरपालिकेच्या सभागृहात जवळजवळ नव्हताच. त्याची सभा पेठेत, तालमीत, ज्ञातीच्या संस्थेत भरायची. शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती १८८५ पासूनचा मानला जातो. सार्वजनिक मंडळ हे इथे उत्सवापुरते नव्हते, गल्लीचा कारभार बघणारी तीच एक संस्था होती. वर्गणीची वही, जबाबदाऱ्यांची वाटणी, रात्रीची राखण हे सगळे तिथे चालायचे. आजही पंचांचा शब्द वस्तीत चालतो तो या सवयीमुळे.

पोलीस आणि वस्ती यांच्या नात्याचा इतिहास मात्र सरळ नाही. फौजदार चावडी हे पोलीस ठाण्याचे नावच जुन्या कारभाराची आठवण देते: चावडीवर दप्तर आणि गाऱ्हाणे एकाच छपराखाली असायचे. पण त्याच शहरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले गेले, रोज हजेरी घेतली गेली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. कुंपण गेले, तरी त्या भागाचे सेटलमेंट हे नाव टिकले. सुरक्षेच्या बैठकीत या वस्त्यांतली माणसे सदस्य म्हणून बसली पाहिजेत. ‘तिकडे लक्ष ठेवा’ एवढाच त्यांचा उल्लेख होत असेल, तर ती बैठक १९५२च्या मागे गेली असे आम्ही म्हणू.

दुसरा धडा १९३०चा. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. मे महिन्यात, ९ ते ११ तारखेला, सरकारी अंमल शहरातून नाहीसा झाला, तेव्हा स्वयंसेवकांनी रस्त्यांवर उभे राहून व्यवस्था सांभाळली. १२ मेला मार्शल लॉ लागू झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या शहराला हे सांगायची गरज नाही. या लेखापुरता मुद्दा एवढाच की सुरक्षा ही पोलिसांनी द्यायची आणि लोकांनी घ्यायची वस्तू आहे, असे सोलापूर तेव्हाही मानत नव्हते.

महापालिका १ मे १९६४ला झाली. पण वस्ती बैठकीच्या दृष्टीने निर्णायक वर्ष आहे १९९२. त्या वर्षीच्या हद्दवाढीने सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर सुमारे १७९ चौरस किलोमीटरचे झाले. शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी गावे आत आली. गाव हद्दीत आले की ग्रामपंचायत संपते आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभरच्या ग्रामसभांना घटनेचे बळ मिळाले. हद्दवाढीतल्या गावांना ते मिळणार नव्हते. त्यांच्या वाट्याला आली १ जून १९९३ची ७४वी दुरुस्ती, जिने ३ लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बोलता येते. प्रभाग समितीत नगरसेवक बसतात. हा फरक बाळ्यात किंवा सोरेगावात बसून बघितला की किती मोठा आहे ते कळते.

प्रभाग समितीचे अधिकार किरकोळ नाहीत, पण ते फार थोड्यांना माहीत असतात. महापालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे तिच्यात त्या भागातले नगरसेवक, भागाचा प्रभारी अधिकारी आणि तिथे समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य असतात. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांबाबतच्या तक्रारी लवकर सोडवणे हे तिचे काम. भागाच्या खर्चाच्या अंदाजावर ती शिफारस करते. आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या कामाला प्रशासकीय व आर्थिक मंजुरी देऊ शकते. गल्लीतली बहुतेक भांडणे याच मर्यादेतल्या कामांची असतात: चेंबरचे झाकण, फुटलेली जाळी, बागेचे फाटक, दोन-चार दिवे. खाचही याच वाक्यात आहे, ‘तरतूद असेल तर’. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, अंदाजपत्रक त्याआधीच्या महिन्यांत शिजते. वस्तीची मागणी मे-जूनमध्ये, पहिल्या पावसात गल्लीत पाणी तुंबल्यावर पोचते. तोवर हेडच, म्हणजे अंदाजपत्रकातले त्या खर्चाचे शीर्षच नसते, आणि मग ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर खरेच असते. मागणी डिसेंबरच्या आत लेखी पोचली पाहिजे.

क्षेत्रसभा त्यानंतर आली. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची नागरी पुनर्निर्माण योजना सुरू झाली. तिच्या निधीसाठी राज्यांना लोकसहभागाचा कायदा करणे आवश्यक होते. महाराष्ट्राने २००९ मध्ये तो केला. लगतच्या मतदान केंद्रांचे सगळे मतदार मिळून एक क्षेत्र, त्या मतदारांची सभा म्हणजे क्षेत्रसभा, आणि ती बोलवायची नगरसेवकाने. पथदिवे, सार्वजनिक नळ, स्वच्छतागृहे कुठे हवीत ते सुचवणे, योजनांचा प्राधान्यक्रम लावणे ही तिची कामे. म्हणजे हद्दवाढीत गमावलेली सभा कायद्याने १७ वर्षांनी परत दिली. पण मागणी शहरांमधून उठलेली नव्हती, निधीची अट पुरी करायची होती. राज्यातल्या बहुतेक शहरांत क्षेत्रे आखण्यापासूनच काम रेंगाळले.

सोलापुरात त्यात प्रभागरचनेची भर पडली. २०१७च्या निवडणुकीत १०२ सदस्य २६ प्रभागांतून निवडले गेले, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. २०११च्या जनगणनेची लोकसंख्या ९,५१,५५८ धरली तर प्रभागामागे सरासरी ३६ हजारांहून अधिक माणसे. चार जणांचा प्रभाग असला की सभा कोणी बोलवायची हा प्रश्न चौघांमध्ये फिरत राहतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, प्रशासक आले आणि बोलावणाराच उरला नाही. त्या काळात विभागीय कार्यालयातला कनिष्ठ अभियंता हाच वस्तीचा एकमेव दरवाजा होता.

इथे कुंभारी गावाची तुलना डोळे उघडणारी आहे. विडी कामगारांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. ती शहराच्या वेशीवर आहे, पण महापालिकेच्या हद्दीत नाही. कामगार शहराचे, रोजगार शहराचा, पण तिथे ग्रामपंचायतीचा कायदा आणि ग्रामसभा लागू.

आता उद्यानांकडे, कारण हद्दवाढीची सर्वांत खोल जखम तिथे आहे. जुन्या शहराला सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, पार्क मैदान, कंबर तलाव मिळाले. हद्दवाढ भागाला मिळाली गुंठेवारी. रेखांकन, म्हणजे प्लॉट पाडण्याचा नकाशा (लेआउट), मंजूर करून घेतले की खुली जागा सोडावी लागते. बांधकाम-विकासाच्या आजच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर व त्यावरच्या जमिनीत १० टक्के. एकरभर म्हणजे ४० गुंठे जमिनीत ४ गुंठे, सुमारे ४,३५० चौरस फूट. मुलांच्या झोक्यांना आणि म्हाताऱ्यांच्या बाकांना एवढे पुरते. पण शेताचे तुकडे स्टँप पेपरवर गुंठ्या-गुंठ्याने विकले गेले, तिथे विकणाऱ्याने रस्ता जेमतेम सोडला, खुली जागा कुठून सोडणार? २००१च्या गुंठेवारी कायद्याने घरे नियमित करायची वाट काढली. न सोडलेली बाग त्याने परत आणता येत नाही.

जिथे रेखांकन मंजूर आहे, तिथे जागा असूनही जाते, आणि ती जाण्याची पद्धत ठरलेली आहे. नकाशावर ‘खुली जागा’ असते, पण सातबाऱ्यावर वा मिळकत पत्रिकेवर मूळ मालकाचेच नाव राहते. पाच-दहा वर्षे तिथे काटेरी बाभळी वाढतात, मग एका कोपऱ्यात पत्र्याचे शेड येते, मग ते पक्के होते. म्हणून क्रम असा धरावा. नगर रचना विभागातून मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत काढायची. तिच्यावरचा खुल्या जागेचा आकार आणि सर्व्हे नंबर ताज्या उताऱ्याशी ताडायचा. तफावत असेल तर नोंद दुरुस्तीचा अर्ज आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज बरोबरच द्यायचा. हद्दीच्या खुणा पडल्या की त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढायचे. कुंपण त्यानंतर. मोजणीच्या आधी घातलेले कुंपण वादात उपटले जाते आणि त्याचा खर्च पाण्यात जातो.

विकास आराखड्यातल्या आरक्षणाचे, म्हणजे बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचे, दुखणे वेगळे. प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन १० वर्षे झाली आणि जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरची मुदत आता २४ महिन्यांची आहे. तेवढ्यात संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे बाग कागदावरूनही जाते. नोटीस मालक आणि महापालिका यांच्यातली, शेजारच्या वस्तीला पत्ता लागतो तो जेसीबी आल्यावर. परिसरातली आरक्षणे कोणती आणि त्यांवर नोटीस आली आहे का, हे दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात विचारणे हे बैठकीचे नेहमीचे काम असायला हवे.

बाग झाल्यावर ती का मरते? पाण्यामुळे. उजनी, टाकळी आणि हिप्परगा या तीन स्रोतांवर चालणाऱ्या या शहरात अनेक वर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले. तिथे हिरवळीला पिण्याचे पाणी कोण देणार? बोअर घेतला जातो, मोटर बसते, तिच्या खोलीला साधे कुलूप लागते, आणि पहिल्या उन्हाळ्यात मोटर किंवा केबल चोरीला जाते. हिरवळ महिन्यात जळते, मग संध्याकाळी बायका-मुले येणे थांबते, आणि अंधार पडल्यावर दुसरीच वर्दळ सुरू होते. उद्यान आणि सुरक्षा हे दोन विषय एकच आहेत, ते इथे दिसते. इस्टिमेटमध्ये झोके, घसरगुंडी, पेव्हर ब्लॉक असतात. देखभाल, माळी, राखणदार आणि वीजबिल हे दुसऱ्या हेडखाली, म्हणून कोणाच्याच हेडखाली नसतात. हिरवळीऐवजी कडुनिंब, करंज, चिंच लावली आणि पहिली तीन वर्षे टँकरचे पाणी पक्के केले, तर सोलापूरच्या उन्हात बाग टिकते.

सुरक्षेच्या समित्यांचा उगम निराळा. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. तिथले मर्म असे होते की बैठक सणाआधीपुरती नव्हती, ती बारमाही चालायची. सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मार्कंडेयांचा रथोत्सव, गणेशोत्सव, ईद, जयंत्यांच्या मिरवणुका असे वर्षभराचे सण आहेत, आणि पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते ती मुख्यतः त्यांच्या तोंडावर. यादीत तीच नावे वर्षानुवर्षे राहतात, बायकांची फारच थोडी. शिवाय पोलीस ठाण्याची हद्द आणि प्रभागाची हद्द जुळत नाही, त्यामुळे अंधाऱ्या बोळाचा विषय शांतता समितीत निघाला तरी त्याचे इतिवृत्त विभागीय कार्यालयापर्यंत जात नाही.

त्या अंधाऱ्या बोळाचेच उदाहरण पुरे. खांब महावितरणचा, दिवा महापालिकेचा, मोठ्या रस्त्याचा दिवा कधी तिसऱ्याच खात्याचा. ‘आमच्या गल्लीत दिवे नाहीत’ असा अर्ज तिन्हीकडे फिरून परत येतो. खांबावर रंगवलेला नंबर, दिवा पूर्ण बंद की लुकलुकतो, सलग किती खांब बंद, हे लिहिले तर तो अर्ज वायरमनच्या हातात पोचतो. सलग चार-पाच बंद असतील तर बहुधा केबल किंवा फ्यूज, एकटाच बंद असेल तर दिवाच गेलेला. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतलाच पाहिजे, कारण पुढची सगळी दाद त्या क्रमांकावर लागते. अधिसूचित सेवांसाठी २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे: मुदत ठरलेली, दोन अपिले कार्यालयातच, तिसरे आयोगाकडे, आणि कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. दाखले, नळजोड यांना तो लागतो. तुंबलेल्या चेंबरला तो प्रत्येक वेळी लागेलच असे नाही, तिथे महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन हाच रस्ता, आणि त्याचा अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

क्षेत्रसभेची मागणी करताना आपल्या मतदान केंद्राचा यादी भाग क्रमांक आणि लगतच्या केंद्रांचे क्रमांक अर्जातच लिहावेत. मतदारांच्या सह्यांपुढे त्यांचे यादीतले अनुक्रमांक असावेत. अर्ज नगरसेवकाच्या नावे द्यावा आणि त्याची प्रत आयुक्त कार्यालयात आवक करावी.